पोरांची दोस्ती पडद्यावर उतरवायची तर

प्रश्न थोडक्यात असा: जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर पट्ट्यातल्या एका गावात सातवी-आठवीतल्या तीन मुलांची गोष्ट, नव्वद पानांची पटकथा, पहिलाच मोठा सिनेमा, पैसे बेताचे. वाचणारा जो तो म्हणतो, ‘ही पोरं दोस्त आहेत हे तुम्ही सांगताय, आम्हाला ते दिसत नाही.’ दुरुस्ती कुठं करायची?

आधी संवादांत. पहिल्या मसुद्यात मुलं समोरासमोर उभी राहून एकमेकांच्या तोंडाकडं बघत बोलतात. बारा-तेरा वर्षांचे मुलगे असे बोलत नाहीत. दोघांची नजर तिसऱ्याच कशावर तरी असते: उतरलेली चेन, बिळातून डोकावणारा सरडा, विहिरीत पडलेली चप्पल. मनातलं काही बाहेर आलंच तर ते हात कामात असताना, अर्धवट, आणि बहुतेक वेळा शिवीच्या आडून येतं. म्हणून ज्या ज्या ओळीत दोस्ती, यारी, ‘तुझ्याशिवाय’ असलं काही आहे ती ओळ खोडा. पाच-सहा पानं सहज जातील आणि गोष्टीचं काही अडणार नाही.

आता मुख्य मुद्दा. या वयातली दोस्ती ठरून गेलेल्या जागांमधून दिसते. चिंचेवर कोण चढतो, खाली शर्ट पसरून कोण उभा राहतो, बांधावर राखण कोण करतो, घरी खोटं कोण सांगतो. या जागा कुणी वाटून दिलेल्या नसतात आणि त्यात न्याय असतोच असं नाही. कुणाला त्या बोचतही असतात, पण तो बोलत नाही. पहिल्या अर्ध्या तासात या जागा प्रेक्षकाच्या अंगवळणी पाडायच्या आणि मग एकेक हलवायची, एवढं जमलं तर मुलं मोठी होताना दिसतात. त्यासाठी वेगळं ‘मोठं होण्याचं दृश्य’ लिहावं लागत नाही.

सायकलचंच घ्या. बावीस इंची दांडीची सायकल आणि तिघं ट्रिपल सीट. पायडल मारणारा एक, दांडीवर एक, कॅरिअरवर एक. दांडीवरच्याला घंटी वाजवायचा मान मिळतो, पण दहा मिनिटांत त्याच्या मांड्यांना मुंग्या येतात. कॅरिअरवरचा चढाला न सांगता उडी मारून उतरतो, ढकलतो आणि उतार लागला की पळत येऊन परत बसतो. सायकल ज्याच्या घरची तोच चालवतो असंही नाही. बऱ्याचदा तो दांडीवर असतो आणि पायडल सगळ्यात दणकट पोराकडं असतं. ही सवारी सिनेमात चार वेळा दाखवा: तोच रस्ता, तोच चढ, कॅमेरा त्याच बाजूला. पहिल्या वेळी त्यावर कुणी काही बोलायचं नाही. दुसऱ्या वेळी घाई आहे किंवा हँडलला ओझं आहे. तिसऱ्या वेळी जागा बदलल्या आहेत आणि का बदलल्या ते प्रेक्षकानं ओळखायचं आहे. चौथ्या वेळी एकच जण आहे आणि चढाला त्याला स्वतः उतरून ढकलावं लागतं. त्या चौथ्या वेळेला संगीत लावू नका. आधीच्या तीन वेळा नीट घेतल्या असतील तर गरज पडत नाही आणि घेतल्या नसतील तर संगीतानं काही सावरत नाही.

हे कागदावर पक्कं करायला एक साधा तक्ता पुरतो. उभ्या रकान्यांत तीन मुलं, आडव्या ओळींत दृश्यं. प्रत्येक चौकटीत तीन गोष्टी लिहा: त्याच्या हातात काय आहे, तो इतर दोघांच्या मानानं कुठं आहे, आणि दृश्य संपताना त्याला काय मिळालं किंवा त्याचं काय गेलं. चौकट भरता येत नसेल तर तो मुलगा त्या दृश्यात नुसता उभा आहे. त्याला काढा किंवा काम द्या. हा तक्ता भरताना आणखी एक दोष उघडा पडतो. तीन मुलं म्हणजे एक जाडा विनोदी, एक हुशार, एक गरीब आणि हळवा, अशी वाटणी झालेली असते. खऱ्या टोळीत जागा कामाप्रमाणं बदलते. रस्त्यावर मागं राहणारा पाण्यात पुढं असतो. वर्गात गप्प असलेला बाजारात भाव करतो. प्रत्येक मुलाला निदान एक तरी जागा अशी द्या जिथं बाकीचे दोघं त्याचं ऐकतात.

दुसरं, खाण्याची वाटणी. आमच्याकडं एक गोळी दोघांत करायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे: चिमणीच्या दातानं. लिमलेटची गोळी शर्टाच्या टोकात धरायची, वरून दातानं कडक्‌ फोडायची, म्हणजे ती उष्टी होत नाही. तुकडे कधीच सारखे होत नाहीत, आणि मोठा तुकडा कोण कुणाला देतो यात पानभर संवादांचं काम होतं. शर्ट कुणाचा, हेही बघा. पुढं कधीतरी कापड मधे न घेता गोळी फोडली जाते, तीही कुणी त्याचा उल्लेख न करता. हा शॉट अगदी जवळून घ्या, फक्त कापड, दात आणि बोटं. सेटवर तीस-चाळीस गोळ्या कोरड्या डब्यात ठेवा, उन्हात चिकट झालेली गोळी फुटत नाही, दबते. आणि फुटल्याचा आवाज माइक जवळ नेऊन वेगळा रेकॉर्ड करा. कापडाआडून तो मूळ टेकमध्ये येत नाही.

खान्देशात याच धाग्यावर एक फार मोठं दृश्य उभं राहू शकतं, ते मात्र कुणी लिहीत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही देवी घरात बसते, सोमवारी तिचं विसर्जन होतं. तिच्या नैवेद्याचे रोट पुष्कळ घरांत फक्त भाऊबंदकीत खातात, बाहेरच्याला देत नाहीत. जो दोस्त वर्षभर त्या घरात हक्कानं जेवतो, शेवभाजीत चुरून भाकरी खातो, त्याला त्या दिवशी रोट मिळत नाही. आईचा त्यात दुष्टपणा नाही, ती त्याला वेगळं काहीतरी चांगलंच वाढते. आपण कुठले आहोत हे त्या पोराला त्या ताटावरून कळतं. त्यातून तो सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचा, मुलगा असेल, सातपुड्यातून खाली आलेल्या पावरा आदिवासी कुटुंबातला असेल, तर बोलायचं काही उरतच नाही. इथं दिग्दर्शकाला मोह होतो तो घरातल्या मुलानं बंड करून रोट चोरून नेऊन देण्याचा. तो टाळा. तेरा वर्षांचा मुलगा बहुतेक वेळा गप्प बसून आपलं ताट संपवतो, आणि ती टोचणी पुढची चाळीस मिनिटं कामाला येते.

सालदारीवरून गोष्टीचं वर्षही बांधता येईल. आपल्याकडं बऱ्याच गावांत सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतं आणि आखाजीलाच संपतं. गोष्ट एका आखाजीला सुरू करून पुढच्या आखाजीला संपवली तर एक मुलगा गावात राहील की जाईल, हा प्रश्न आपोआप डोक्यावर टांगलेला राहतो. दुसऱ्याला दहावीच्या आधीच जळगावला किंवा नाशिकला क्लाससाठी होस्टेलवर टाकायचं घरात चाललेलं असतं. तिसरा इथंच, वडिलांबरोबर केळीच्या बागेत. कुणी कुणाला सोडत नाही, तिघांचं वेळापत्रक जमेनासं होतं. कुणाच्या मरणावर किंवा अपघातावर शेवट टाकण्यापेक्षा हे कितीतरी खरं आहे. तो अपघात आतापर्यंत इतक्या पटकथांत येऊन गेलाय की विहीर दिसली की प्रेक्षक आधीच श्वास रोखून बसतो.

सारख्या वयाची मुलं सारख्या वेगानं मोठी होत नाहीत, हेही तक्त्यात धरा. एकाचा आवाज फुटतो, दुसरा अजून बायकांच्या घोळक्यात आखाजीच्या झोक्यावर बसू शकतो. एक मजुरीला जाऊ लागतो, तेव्हा पारावरची माणसं त्याला सरकून जागा देतात आणि बाकीचे दोघं बाहेर घुटमळत राहतात. आखाजीला मोठी माणसं पत्ते कुटत बसलेली असतात. गेल्या वर्षी तिघंही मागून डोकावत होते, यंदा एकाला पानं वाटली गेली. मोठं होणं दाखवायला एवढं पुरतं.

भांडणाबद्दल. कारण खऱ्या दुखण्यापेक्षा खूप लहान ठेवा. खरं दुखणं होस्टेलचं किंवा रोटाचं आहे, पण भांडण होतं ते बॅटच्या निघालेल्या मुठीवरून. दोन-तीन ओळींत ते पेटलं पाहिजे आणि त्यात मूळ गोष्टीचा उल्लेख नको. या वयात ‘कट्टी’ म्हणत नाहीत, नुसतं येणं बंद होतं. एरवी एकमेकांना टोपणनावानं हाक मारणारी मुलं भांडणात खरं नाव घेतात. सबंध सिनेमात खरं नाव फक्त गुरुजींच्या तोंडी ठेवलं असेल तर त्या एका हाकेनं काम होतं. समेटात माफी नको. ‘पंप दे’ म्हणत एक जण दारात येतो, दुसरा पंप देतो आणि मागचं चाक स्वतः दाबून बघतो. एवढ्यावर दृश्य तोडा.

बोलीचा घोळ बहुतेक बाहेरचे लोक करतात, आणि कधी कधी आपलेही. खान्देशी म्हणजे सरसकट अहिराणी नव्हे. अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, धुळे, साक्री इकडं अहिराणी. यावल, रावेर, भुसावळ, मुक्ताईनगरकडं लेवा गणबोली, तावडी. सातपुड्याच्या पायथ्याला पावरी, भिली. रावेरच्या पोराच्या तोंडी ‘तू कथा जाई राहिना?’ घातलंत तर जळगावच्या थिएटरात नको तिथं हशा पिकेल. दुसरं टोक म्हणजे सगळ्यांना पुस्तकी बोलायला लावून वाक्याच्या शेवटी एक ‘भो’ चिकटवणं. पद्धत सोपी आहे: मुलांना दृश्यात काय घडतं तेवढं सांगा, त्यांना त्यांच्या शब्दांत करू द्या, फोनवर रेकॉर्ड करा, त्यातलं निवडून टाइप करा आणि तेच अंतिम संवाद म्हणून धरा. घरची बोली, टोळीतली बोली आणि गुरुजींसमोरची मराठी, या तिन्हींत मुलगा किती चटकन उडी मारतो हे असं केल्यावरच हाती लागतं. शिव्यांबाबत एवढं ध्यानात ठेवा की २०२३ च्या सुधारणेनंतर सेन्सॉरच्या यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. ज्या वयाची मुलं पडद्यावर आहेत त्याच वयाच्या मुलांनी सिनेमा बघावा असं वाटत असेल, तर कुठली शिवी आवाजात ठेवायची आणि कुठली नुसती ओठांवर, हे शूटिंगच्या आधी ठरवा.

मुलं निवडताना संवाद पाठ करून घेऊ नका. जिल्हा परिषदेच्या किंवा गावातल्या शाळेत मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी घेऊन मधल्या सुट्टीत चार दिवस नुसते बसा. मग तिघा-तिघांचे गट करून चेन उतरलेली सायकल समोर ठेवा, फोन बाजूला स्टँडवर लावा आणि वीस मिनिटं कुणीही सूचना देऊ नका. आधी हात कोण घालतो, लांबून सल्ला कोण देतो, काडी शोधायला कोण जातो, काळे हात मातीत कोण पुसतो आणि दुसऱ्याच्या पाठीला कोण पुसतो, सगळं समोर येतं. माझं मत असं की दोन मुलं आधीपासूनची खरी दोस्त घ्या आणि तिसरा नवखा. दोघांतली सवय फुकट मिळते, आणि तिसऱ्याला आत शिरायला जे कष्ट पडतात तेही कॅमेऱ्याला मिळतात. धोका एकच: दोस्तांचं खरंच बिनसलं तर दिवस वाया जातो. म्हणून वेळापत्रकात एकट्या-दुकट्याची दृश्यं राखीव ठेवा. निवडीनंतर तीन आठवडे, शाळा सुटल्यावर रोज दोन तास तालीम. तीत अभिनय कमी आणि ट्रिपल सीट चालवणं, गोफण मारणं, बागेत पाणी भरणं जास्त. ज्या गोष्टी ही मुलं पडद्यावर सहज करणार आहेत त्या त्यांच्या हाताला खरंच सहज व्हायला हव्यात.

कायद्याची बाजू निर्मात्यावर सोडू नका, कारण तुमचं वेळापत्रक तीच ठरवते. बालकामगार कायदा १९८६ चा, त्यात २०१६ मध्ये सुधारणा झाली आणि २०१७ मध्ये नियम बदलले. त्यानुसार चौदा वर्षांखालच्या कलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. ज्या जिल्ह्यात शूटिंग आहे तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पाच मुलांमागं निदान एक जबाबदार माणूस लागतो. सलग सत्तावीस दिवसांपुढं काम नाही, शिक्षणाची सोय करायची, आणि मानधनातले निदान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे. आता हिशोब करा: पाच तासांत मुलांबरोबर पावणेतीन पानांपुढं काम होत नाही, म्हणजे नव्वद पानांना सुमारे तेहतीस दिवस. सलग बसत नाहीत. दोन तुकडे करावेच लागतात.

ते दोन तुकडे एकमेकांपासून फार लांब नकोत. या वयात मुलगा वर्षात आठ-दहा सेंटीमीटर उंच होऊ शकतो आणि आवाज तर काही महिन्यांत फुटतो. अमेरिकेत रिचर्ड लिंकलेटर यांनी ‘बॉयहूड’ त्याच मुलाला घेऊन बारा वर्षं थोडा थोडा चित्रित केला आणि २०१४ मध्ये दाखवला. तिथं वाढ हाच विषय होता. तुमच्याकडं सकाळच्या दृश्यात एक उंची आणि त्याच दुपारी दुसरी, असं होईल. आवाजाचं याहून वाईट. चार-सहा महिन्यांनी डबिंगला बोलावलंत तर मुलगा तोच असतो पण आवाज त्याच्या काकाचा. म्हणून जागेवरच नीट आवाज घ्या. दृश्य संपलं की कॅमेरा बंद करून, झाडाखाली बसवून, सगळे संवाद दोनदा नुसत्या आवाजासाठी म्हणून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, ते टाळलं की पुढं पस्तावावं लागतं.

ऋतूचं गणित त्याहून अवघड. आपल्याकडच्या पोरांचं खरं राज्य भर उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार, जेव्हा मोठी माणसं ओसरीत पडलेली असतात, होला घुमत असतो आणि गल्लीत कुत्रंसुद्धा नसतं. नेमक्या त्या वेळी मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो आणि मुलांना तिथं उभं करणं बरोबर नाही. मेची दुपार मार्चमध्ये करता येते, पण सावली चहाडी करते. जळगाव एकवीस अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्हीला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. एप्रिलच्या मध्यावर पाच फुटी मुलाची सावली फूटभर पडते, मार्चच्या मध्यावर दोन फूट. त्यामुळं मार्चमध्ये दुपार घ्यायची तर साडेबारा ते एकच्या आसपास घ्या, चौकट कमरेच्या वर ठेवा किंवा मुलांना निंबाच्या सावलीत बसवून मागचं रान पांढरंफटक जाऊ द्या. घामासाठी पाण्यात थोडं ग्लिसरीन घालून मानेवर फवारा. कपाळावर नको, डोळ्यांत उतरतं.

केळीच्या बागेत शूटिंग करण्याआधी बाग बघून या. झाडं पाच-पाच फुटांवर, मधे ठिबकच्या नळ्या, त्यामुळं ट्रॉली विसरा. कॅमेरा हातात धरूनच चालावं लागतं, आणि कुणाचा पाय नळीवर पडून ती फुटली तर शेतकरी दुसऱ्या दिवशी आत येऊ देणार नाही. पानांतून येणारा उजेड हिरवा असतो, चेहरे आजारी दिसतात. मांजरपाटाचा सहा बाय चार फुटांचा तुकडा बांबूला बांधून उजेड परतवला की कातडीचा रंग सुधारतो. सगळा हिरवेपणा काढू मात्र नका, बाग बाग वाटेनाशी होते. वाळलेली पानं पावलागणिक कुरकुरतात आणि संवाद खातात. टेकआधी त्या ओळीवर पाणी मारून घ्या. आणि केळीचा चीक. कपड्यावर पडला की काळपट डाग कायमचा. बागेतली दृश्यं शेवटी ठेवा किंवा प्रत्येक कपड्याचे तीन-चार सारखे जोड शिवा. उलट, डाग एकदा मुद्दाम पाडून घेतला तर तो पुढं गोष्टीत वापरता येतो: होस्टेलवरून आलेल्या मुलाच्या शर्टावर डाग नाही.

पाण्याची दृश्यं दोन भागांत घ्या. उडी आणि लांबचा शॉट विहिरीवर, पायऱ्यांची विहीर निवडून, मोटारीची वायर पूर्ण काढून, दोन पट्टीचे पोहणारे पाण्यात आणि दोर काठावर ठेवून. जवळचे चेहरे शेतातल्या चार फुटी हौदात. शेततळ्यात अजिबात नाही. त्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की उतारावर पाय ठरत नाही आणि पोहता येणारा माणूसही काठावर चढू शकत नाही. दिसायला उथळ आणि साधं वाटतं, म्हणूनच ते धोक्याचं.

विडीचं दृश्य जवळजवळ प्रत्येक पटकथेत असतंच. मुलाच्या हातात खरी विडी देणं हा बाल न्याय कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय तंबाखू पडद्यावर दिसला की खाली इशाऱ्याची ओळ, सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर सूचना, हे सगळं आलं. त्यापेक्षा विडी दाखवूच नका. नंतरचं दाखवा: तिघं घाईघाईनं पेरूचा पाला चावतायत, एकमेकांच्या तोंडाचा वास घेतायत, आणि एकाला अजून ढास लागलीय. जास्त गमतीचं होतं आणि कात्री लागत नाही. बैल, कुत्रा वगैरे कथेत काम करणार असतील तर पशु कल्याण मंडळाची परवानगी आधी लागते, पोळ्याच्या आदल्या दिवशी धावपळ करून ती मिळत नाही.

कॅमेऱ्याविषयी थोडंच. भिंग मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे सव्वाचार फुटांच्या आसपास ठेवा. त्यानं मोठ्या माणसांची डोकी चौकटीबाहेर जातात, जाऊ द्या. तिघं एका चौकटीत मावतील असा २८ किंवा ३५ मिलिमीटरचा लेन्स घ्या आणि पहिल्या भागात एकेकट्याचे जवळचे शॉट जपून वापरा. सायकलचे धावते शॉट ॲपे रिक्षाच्या मागून, टायरमधली हवा थोडी कमी करून, ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वर न जाता.

गाण्यावर हसरी दृश्यं जोडून ‘तिघांची मजा’ दाखवणारा तुकडा संकलनात पहिला जाऊ द्या. त्याच्या जागी एक मोठं काम पूर्ण दाखवा. हिवाळ्यातली भरीत पार्टी घ्या: एक जण कपाशीच्या काड्या ओढून आणतो, एक वांगी भाजतो आणि सोलताना बोटं पोळून घेतो, एक बडगीत मिरची-लसूण ठेचतो आणि मिरची जास्त झाली म्हणून दोघांचा मार खातो. सहा मिनिटांचं दृश्य, त्यात जागा, वाटणी, बोली सगळं येतं. वांगी भाजायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्यामुळं तीन खेपांचा माल, म्हणजे सहा-सात किलो वांगी लागतील. खाण्याचा भाग आधी घ्या, मुलं खरंच भुकेली असताना. तिसऱ्या टेकला पोट भरलेलं तोंड कॅमेरा लपवत नाही. धूर वाऱ्याबरोबर दिशा बदलतो, म्हणून मोठा शॉट एकाच दमात उरकून घ्या.

मोठेपणीच्या निवेदकाचा आवाज वापरायचा असेल तर आधी त्याच्याशिवाय सिनेमा पूर्ण जोडून बघा आणि जिथं गोष्ट खरंच कळत नाही तेवढ्याच जागी तो आणा. ‘ते दिवस परत आले नाहीत’ हे सांगायला तो नको. मग कच्चा सिनेमा आठवीच्या एखाद्या वर्गाला शाळेच्याच प्रोजेक्टरवर दाखवा आणि स्वतः पडद्याकडं नाही, त्यांच्याकडं तोंड करून बसा. मोठ्यांचे भरून आलेले डोळे इथं मोजायचे नाहीत, त्यांना त्यांचं स्वतःचं आठवत असतं. पोरं पडदा सोडून आपसात कुजबुजायला लागली की मिनिट वहीत टिपा. त्या मिनिटाला पडद्यावर बहुतेक कुणीतरी मोठा माणूस शहाणपण सांगत असतो. ते दृश्य अर्ध्यावर आणा आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वर्गाला दाखवा.